कमान, रबर आणि वळण : सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर स्प्रिंगेचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/२२
साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासकडे जाताना आणि सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जाताना एकच छोटी मोटार दोन निराळ्या परीक्षा देते. घाटात प्रश्न असतो की वळणावर ती बाहेरच्या अंगाला किती कलते. सपाटीवर, काळ्या मातीवर लाटा उठलेल्या डांबरी रस्त्यावर, प्रश्न असतो की मागे बसलेल्या आजीच्या कंबरेला किती हिसके बसतात. पहिल्या परीक्षेला ताठ स्प्रिंग हवी, दुसरीला मऊ. आज अनेक तरुण मूळ स्प्रिंगा काढून आखूड आणि ताठ स्प्रिंगा बसवतात. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लो’ करतात. ही हौस अलीकडची. तिच्या मुळाशी असलेला तंटा मात्र चाक घाटात शिरले तेव्हापासूनचा आहे. आजचा धागा त्या तंट्याच्या इतिहासाचा.

२/२२
आरंभ चाकाच्या आधीपासून करावा लागतो. शिवकाळात आणि पेशवाईत सह्याद्रीच्या घाटवाटांवर चाकाला फारसा वाव नव्हता. माल बैलांच्या पाठीवरून तांड्यांनी जाई. माणसे पायी, घोड्यावर किंवा मेण्या-पालखीतून जात. पालखीला स्प्रिंग नसे, पण तिचे काम करणारे काहीतरी असेच : थोडा लवणारा दांडा आणि भोयांचे गुडघे. भोई एका विशिष्ट लयीत, गुडघे किंचित वाकवून चालत. त्यामुळे जमिनीचा खड्डा पालखीपर्यंत तसाच पोहोचत नसे. रस्त्याचा धक्का आणि बसणाऱ्याचे शरीर यांच्यामध्ये काहीतरी लवचीक असले पाहिजे, ही जाण जुनी आहे. चाकाच्या गाडीत ती पोलादातून साकारायला मात्र बराच काळ जावा लागला.

३/२२
१८१८ नंतर साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराजांची कारकीर्द सुरू झाली. त्यांच्या काळातील कामांत रस्त्यांना मोठे स्थान आहे. १८२० च्या दशकात सातारा ते महाबळेश्वर हा रस्ता त्यांच्या राज्याने तयार केला आणि १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात महाबळेश्वर हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे थंड हवेचे ठिकाण म्हणून उभे राहू लागले. या घटनेचा राजकीय अर्थ अनेकदा सांगितला जातो. तांत्रिक अर्थही तेवढाच महत्त्वाचा आहे. जिथे खूर आणि पाऊल चालत होते, तिथे चाक चालू लागले. आणि चाकासोबत चढ, उतार, कड आणि वळण हे चार प्रश्न साताऱ्याच्या डोंगरात आले.

४/२२
त्या रस्त्यांवरची बहुसंख्य वाहने म्हणजे बैलगाड्या. तुंबा, आरे, पाटे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव, असे चाक. त्यातून आरपार गेलेला आख. आणि आखावर थेट टेकलेली साटी. मध्ये स्प्रिंग नाही. याला मागासलेपणा म्हणणे ही घाई ठरेल. बैलाची चाल ताशी तीन-चार किलोमीटर. खड्ड्याच्या धक्क्यातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दहापट झाला तर ती शंभरपट होते. बैलाच्या वेगाला लाकडाचा लवचीकपणा आणि साटीत पसरलेला कडबा पुरेसा होता. स्प्रिंगेची गरज वेगाने निर्माण केली, हे सूत्र पुढच्या साऱ्या गोष्टीत लक्षात ठेवावे.

५/२२
मराठीत ‘कमान’ म्हणजे धनुष्य. दारावरची कमानही तीच आणि पोलादी स्प्रिंगही तीच. हा शब्दप्रवास सार्थ आहे, कारण गाडीची जुनी स्प्रिंग खरोखर धनुष्याच्या आकाराची होती : एकावर एक रचलेल्या, खाली लांब आणि वर आखूड होत जाणाऱ्या वा त्याच्या उलट मांडलेल्या पोलादी पट्ट्या. ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री आजही त्यांना ‘पाटे’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट या कारागिराने लंबवर्तुळाकार पाट्यांची रचना पेटंटबद्ध केली आणि घोडागाड्या हलक्या व वेगवान झाल्या. हीच परंपरा पुढे बग्गी आणि टांग्याच्या रूपाने इकडच्या रस्त्यांवर उतरली.

६/२२
स्प्रिंगेमागचा नियम त्याहून जुना. रॉबर्ट हूकने तो १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. रायगडावरील राज्याभिषेकाला तेव्हा चारच वर्षे झाली होती. जितका भार, तितके दबणे, हा तो नियम. यातूनच एक सुंदर निष्कर्ष निघतो. गाडी उभी असताना स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दबते, एवढेच कळले तर ती सेकंदाला किती झोके घेईल हे सांगता येते. २५ सेंटीमीटर दबत असेल तर साधारण एक झोका. ११ सेंटीमीटर असेल तर दीड. ६ सेंटीमीटर असेल तर दोन. माणूस चालताना सेकंदाला दीड ते दोन पावले टाकतो, म्हणून या टप्प्यातले झोके शरीराला परके वाटत नाहीत. सेकंदाला चार ते आठ झोक्यांचे कंपन मात्र पोटाला आणि कण्याला सर्वांत जास्त जाचते.

७/२२
पण केवळ स्प्रिंग असून भागत नाही. ती दबते, उसळते, पुन्हा दबते. हा खेळ कोणीतरी थांबवावा लागतो. पाट्यांमध्ये ते काम पट्ट्या एकमेकींवर घासून आपोआप होई. गुंडाळीच्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगेत असे घर्षण जवळजवळ नसते. म्हणून तिच्या जोडीला तेल भरलेला शॉक ॲब्सॉर्बर आला, ज्याला गॅरेजमध्ये ‘शॉकअप’ म्हणतात. नावाने तो धक्का शोषतो. वस्तुतः धक्का झेलते स्प्रिंग, आणि शॉकअप तिचे उसळणे आवरतो. स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी एकमेकांच्या मापाने जमवलेली असते. एक बदलून दुसरा तसाच ठेवला की जोडी मोडते. आजच्या हौशी बदलांतील निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

८/२२
१८८८ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर नव्याने प्रचारात आणला. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान सुरू झाले. त्यांचा उद्योग १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर आला आणि आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. हवेचा टायर ही वाहनाची पहिली स्प्रिंग होय. धक्का प्रथम तीच झेलते. पुढे साखर कारखानदारी वाढली तेव्हा कृष्णाकाठी उसाच्या वाहतुकीत लोखंडी धावेच्या जागी रबरी टायरची ‘टायरगाडी’ आली. स्प्रिंग तिलाही नव्हती. पण बैलाच्या खांद्यावरचा धक्का कमी झाला आणि रस्त्यावर धावेचे चर पडणे थांबले.

९/२२
मोटारीच्या जगात स्प्रिंगेचे शास्त्र खऱ्या अर्थाने घडवले मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या ऑलीने १९३० च्या दशकाच्या आरंभी एक प्रयोगाची मोटार बनवली. तिच्यावरील वजने पुढे-मागे सरकवता येत आणि स्प्रिंगाही बदलता येत. माणसे बसवून, त्यांना विचारून, त्याने निष्कर्ष काढले. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ असावी, हा त्यांपैकी महत्त्वाचा. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची स्प्रिंग किंचित जलद झोका घेणारी असेल तर ती पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलण्याऐवजी सपाट वरखाली होऊन शांत होते.

१०/२२
हे नियम सर्वत्र सारखेच. रस्ते मात्र सारखे नाहीत. सांगली-मिरजेच्या बाजूची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता वर्षभरात खालून हलत राहतो. म्हणून खड्ड्यांखेरीज तिथे लांबलचक लाटा उठतात. त्यात कृष्णेचा पूर. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलावर सांगलीकर पाण्याची पातळी वाचतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांपलीकडे गेली होती. पूर ओसरल्यावर उरतो तो उखडलेला रस्ता. साताऱ्याच्या डोंगरात पाया कातळाचा किंवा मुरमाचा. तिथे प्रश्न उतार आणि वळणांचा. खंबाटकी, पसरणी, केळघर, यवतेश्वर ही नावे इथल्या चालकांना पाढ्यासारखी पाठ असतात.

११/२२
आता या धाग्यातील मध्यवर्ती व्यक्ती. सांगलीहून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ राहत. औपचारिक शिक्षण शाळेच्या प्राथमिक इयत्तांपुरते. पण १९४९ साली, देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे झाली असताना, त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एका छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. तिचे नाव ‘मीरा’. दोन माणसांपासून सुरू झालेली ही गाडी पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांनी पुनःपुन्हा सुधारली. शेवटचा नमुना १९७५ चा. सामान्य माणसाला परवडेल अशी, सुमारे १२,००० रुपयांत मिळू शकेल अशी मोटार, हा त्यांचा ध्यास होता. वस्त्रोद्योगाच्या गावातून मोटार निघावी, हेच त्या काळात धाडसाचे होते.

१२/२२
मीराचे इंजिन हा कुतूहलाचा विषय ठरतोच. पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे तिचे रबराचे सस्पेन्शन. पोलादी पाटे आणि गुंडाळ्या यांच्याऐवजी शंकररावांनी रबर वापरले. त्यामुळे सुटे भाग कमी झाले, वंगण देण्याची कटकट घटली. रबराचा आणखी एक गुण आहे. पोलादी स्प्रिंग हूकच्या नियमाने सरळ रेषेत दबते; रबर जितके अधिक दाबावे तितके अधिक ताठ होत जाते. म्हणजे एकटा चालक असताना मऊ आणि चार माणसे बसली की आपोआप ताठ. ज्या गाडीचे वजन कमी आणि भार मोठा, तिच्यासाठी हा गुण अमूल्य होय.

१३/२२
योगायोग पाहा. २६ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लंडमध्ये ‘मिनी’ ही मोटार प्रकट झाली. अलेक इसिगोनिस हे तिचे रचनाकार. सस्पेन्शन त्यांचे मित्र ॲलेक्स मोल्टन यांचे, आणि तेही रबरी शंकूंचे. मिनीने पुढे शर्यती गाजवल्या. तिचे वळणावरील चापल्य दंतकथा बनले. तीच दिशा इचलकरंजीतील एक माणूस, कारखाना आणि प्रयोगशाळा पाठीशी नसताना, स्वतंत्रपणे चाचपत होता. दोघांपुढचा प्रश्न एकच होता : छोट्या, हलक्या गाडीत जागा न खाता, कमी खर्चात, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत नीट चालणारी स्प्रिंग कशी बसवावी? मिनीची लाखोंनी निर्मिती झाली. मीरा नमुन्यांपुरतीच राहिली.

१४/२२
याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानंतर मोटार बनवायला सरकारी परवाना लागे आणि तो मोजक्यांनाच होता. रस्त्यावर मुख्यतः दोनच घरगुती मोटारी दिसत : पुढे टॉर्शन बार व मागे पाटे असलेली ॲम्बॅसडर, आणि पुढे कॉइल स्प्रिंगा व मागे पाटे असलेली फियाट ११००, जी नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. १९७१ मध्ये दिल्लीजवळ ‘मारुती’ या नावाने छोट्या मोटारीचा प्रकल्प उभा राहिला. तो बुडाला, राष्ट्रीयीकृत झाला आणि सुझुकीच्या साहाय्याने १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. इचलकरंजीच्या वाट्याला तो दिवस आला नाही.

१५/२२
मारुती ८०० ने सातारा-सांगलीतल्या मध्यमवर्गाला मोटार दिली. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता : स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, फोर्डचे अभियंता अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५० पासून प्रचारात आली. पहिल्या मारुतीत मागे पाटे होते. १९८६ नंतरच्या पिढीत मागेही कॉइल आली. गाडीचे वजन साधारण ६५० किलो. तीत पाच माणसे आणि लग्नाचे सामान मिळून साडेतीनशे किलोंची भर सहज पडे, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर. मोठ्या मोटारीत हे प्रमाण इतके चढत नाही. म्हणून स्प्रिंगेचा सर्वांत अवघड हिशेब छोट्या गाडीचाच असतो.

१६/२२
याच काळात रस्त्यावर गतिरोधक वाढले. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक माप दिले : १७ मीटर त्रिज्येचा कंस, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटीमीटर उंची; ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. मारुती ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांत २१७५ मिलिमीटर अंतर. भूमितीने पाहिले तर अशा गतिरोधकावर चाके दोन्ही बाजूंना असताना मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर वर येतो. तळ घासण्याचा प्रश्नच नाही. पण गावाच्या वेशीवर रातोरात घातलेला, दोन फूट रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच बांध दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि तळाशी पूर्ण १५ सेंटीमीटर घेऊन उभा राहतो. ‘चेंबर फुटला’ हे वाक्य तिथे जन्मते.

१७/२२
गाडी खाली बसवण्याची रीत मात्र वेगळ्या रस्त्यांवर वाढली. शर्यतीच्या मार्गावर आणि अमेरिकेतील हौशी मंडळींत ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रुजली. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने घरगुती छोटी मोटार किंचित बुटकी आणि ताठ करून विकता येते, हे दाखवले. त्यानंतर युरोपात तयार स्प्रिंगांचा बाजारच उभा राहिला. त्या स्प्रिंगांची मापे गुळगुळीत, देखरेख असलेल्या रस्त्यांसाठी होती. जर्मनीत असा बदल तपासून अधिकृतपणे नोंदवून घ्यावा लागतो, ही बाब त्या बाजाराच्या जाहिरातींबरोबर इकडे आली नाही. आली ती छायाचित्रे : चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटही न जाणारी गाडी.

१८/२२
या बदलाचा लाभ किती? वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. छोट्या मोटारीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर मानला आणि गाडी ३ सेंटीमीटर खाली आणली, तर हा भार सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. लाभ खरा, पण लहान. चालकाला जो मोठा फरक जाणवतो तो बहुधा उंचीचा नसून ताठपणाचा असतो : गाडी कमी कलते, सुकाणूला लवकर प्रतिसाद देते. गुळगुळीत वळणावर ही सुधारणा आहे. खडबडीत वळणावर अतिताठ चाक रस्त्याला चिकटण्याऐवजी उडते. आणि हवेतले चाक कोणतीही पकड देत नाही.

१९/२२
किंमत किती? स्प्रिंगेला वर दबायला ८ सेंटीमीटर जागा होती असे मानू. गाडी ३ सेंटीमीटर बसवली, तर उरली ५. तोच खड्डा, त्याच वेगाने, रबरी ठोकळ्यावर न आपटता झेलायचा असेल तर स्प्रिंग किती ताठ हवी? ८ भागिले ५, त्याचा वर्ग : अडीचपटीहून अधिक. तेवढी ताठ स्प्रिंग घरच्या गाडीत कोणी बसवत नाही. बाजारातल्या स्प्रिंगा बहुधा त्यापेक्षा पुष्कळ मऊ असतात. परिणाम असा की गाडी भरली की ठोकळ्यावर टेकते, आणि ठोकळ्यावर टेकलेले चाक म्हणजे पुन्हा बिनस्प्रिंगेची बैलगाडी, पण ताशी साठ किलोमीटर वेगाची. वळणाच्या मध्यावर असे झाले तर त्या चाकाचा ताठपणा क्षणात वाढतो आणि गाडी अनपेक्षित घसरते.

२०/२२
स्प्रिंग कापणे हा त्याहून घातक मार्ग. सहा कार्यकारी वेढ्यांपैकी एक कापला की उरलेली स्प्रिंग सव्वापटीच्या जवळपास ताठ होते, कारण ताठपणा वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळले की स्प्रिंग सैल होऊन सरकू शकते. स्ट्रटच्या भूमितीतही गफलत होते. खालचा दांडा मूळ मापात आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार बसवली की तो चाकाकडे चढता होतो. मग ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो, आणि कलणे कमी करण्यासाठी केलेला बदल कलण्याचा तरफदांडा लांबवतो. चाकांची दिशा आणि कोन बिघडून टायर एका कडेने झिजतात, ते वेगळेच.

२१/२२
कायद्याची बाजूही इतिहासाचाच भाग आहे. गतिरोधकांची मापे आली त्याच १९८८ साली मोटार वाहन कायदा झाला. त्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या वैशिष्ट्यांशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक स्पष्ट केले. अनेकांना तो हौसेवरचा अन्याय वाटतो. पण खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरचे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण ज्यांनी पाहिले आहे, तिथल्या अपघातांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या कलमाचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. त्या वळणावर एका गाडीची पकड सुटली तर शिक्षा तिच्या मालकापुरती राहत नाही.

२२/२२
मग समतोल कुठे आहे? अनुभवी मिस्त्रींचा क्रम साधा असतो : आधी चांगले टायर आणि योग्य हवा, मग थकलेले शॉकअप आणि रबरी बुश बदलणे, शेवटी चाकांची अलाइनमेंट. जुन्या गाडीचा ढिला स्वभाव बहुतेक वेळा एवढ्यानेच सुधारतो. स्प्रिंगेला हात लावायचाच तर कायद्याच्या चौकटीत, निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापाचीच, सोबत जुळणारा शॉकअप घेऊन, आणि पाच माणसे बसवून मोजून. रिकाम्या गाडीच्या छायाचित्रावरून नव्हे.

भोयांच्या गुडघ्यांपासून टायरगाडीपर्यंत इथल्या माणसांनी समोरचा रस्ता पाहून लवचीकपणा निवडला. शंकरराव कुलकर्ण्यांनी रबर निवडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे इथलेच रस्ते आणि इथलीच भरलेली गाडी होती. मीरा रस्त्यावर आली नाही, पण तिने विचारलेला प्रश्न प्रत्येक गॅरेजच्या दारात आजही उभा आहे : ही स्प्रिंग कोणत्या रस्त्यासाठी, आणि मागे कोण बसणार आहे?